जिनिंगच्या रांगेतली गाडी आणि चोक झालेला डीपीएफ : पिकअप कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
डिझेल पिकअप बनवणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्या
माहितीसाठी : केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

मी हिंगणघाट तालुक्यातला पिकअपवाला. गाडी माझी, चालवतो मी, हप्ताही मीच भरतो. दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस, मग तूर-चणा, पेरणीच्या तोंडावर खत-बियाणं आणि मधल्या दिवसांत जे भाडं मिळेल ते. माझ्यासारखे पिकअपवाले वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोल्याच्या गावागावांत आहेत. गावचा माल बाजारात नेणारी गाडी म्हणजे आता पिकअपच, बैलबंडी शेतापुरती उरली.

माझं म्हणणं एकच आहे. धुराच्या बीएस-६ नियमांप्रमाणे तुम्ही विकलेल्या गाडीतला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, आमच्या कामात आपोआप साफ होत नाही. तो उभ्या गाडीत साफ करता येतो, पण ती सोय तुम्ही वर्कशॉपच्या लॅपटॉपमध्ये ठेवली आहे. ती ड्रायव्हरच्या हातात द्या.

डीपीएफला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, आणि काळा धूर ओकणाऱ्या गाड्या नवीन विकणं थांबलं. हे चांगलंच झालं. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच नोंदवलं आहे. जुन्या गाडीच्या मागे उभा राहून दिवसभर बोजा उतरवणारा हमाल रात्री खोकताना मी पाहिला आहे. बाजार समितीच्या आवारात तो धूर कोणाच्या नाकात जातो, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नाही. त्यामुळे जाळी हवीच. ती आमच्या कामात टिकावी, एवढीच मागणी आहे.

ज्यांना या भागाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला सिरॅमिकचा ठोकळा. त्यात बारीक लांब नळ्या असतात, एक पुढून बंद तर तिच्या शेजारची मागून बंद. धूर एका नळीत शिरतो, भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून पलीकडच्या नळीत जातो आणि बाहेर पडतो. काजळी भिंतीवर अडकते. ती साचत गेली की जाळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक वाढतो, सेन्सरला तो कळतो आणि गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, काजळी जाळायला घेतो. त्यासाठी इंजिनात थोडं जादा डिझेल उशिरा मारलं जातं. ते जाळीच्या अलीकडच्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं, धुराचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांच्या घरात जातं आणि काजळी जळून जाते. यालाच रीजनरेशन म्हणतात, आम्ही नुसतं रीजन म्हणतो. ते पुरं व्हायला गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने, न थांबता पळावी लागते. महामार्गावर सतत पळणाऱ्या गाडीला तर पुष्कळदा याचीही गरज पडत नाही, धुराच्या उष्णतेनेच काजळी थोडी थोडी जळत राहते.

आता आमचं काम पाहा. सकाळी गाडी शेतात जाते ती पांदण रस्त्याने, पहिल्या नाहीतर दुसऱ्या गिअरवर. काळ्या मातीची पांदण, पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या उन्हाने वाळून टणक झालेल्या. कापूस भरला की बोजा दोन्ही बाजूंनी फुगतो, वरून दोरीची जाळी नाहीतर ताडपत्री आवळलेली असते. वजन फार नसतं पण वारा लागला की गाडी डोलते. अशी गाडी कोणी शहाणा माणूस साठने पळवत नाही. गाव ते जिनिंग (कापसातली सरकी काढणारा कारखाना) अंतर थोडं, रस्त्यात खड्डे आणि गतिरोधक. तेवढ्यात इंजिन नीट तापतही नाही.

आणि मग रांग. हंगाम भरात असला की जिनिंगच्या गेटबाहेर गाड्या, ट्रॅक्टर, बंड्या यांची ओळ लागते. पुढची गाडी दोन हात सरकली की आपण गाडी चालू करायची, दोन हात सरकवायची, बंद करायची. पुन्हा चालू, पुन्हा बंद. ग्रेडर येतो, बोज्यात हात घालून आतला कापूस ओढून बघतो, ओलावा मोजतो, भाव ठरतो. मग भरल्या गाडीचा काटा, गंजीवर खाली करणं, रिकाम्या गाडीचा काटा. या सगळ्यात इंजिन कितीतरी वेळ चालतं, पण धूर कधीच पुरेसा तापत नाही. थंड धुरात काजळी जास्त आणि ती जाळणारी उष्णता कमी, हे तुमच्या इंजिनिअरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मीटरवरचा डीपीएफचा पिवळा लाइट लागतो तो बहुतेक याच वेळी. तुमच्या पुस्तिकेत उपाय लिहिलेला आहे : लाइट जाईपर्यंत गाडी ठरावीक वेगाच्या वर चालवत राहा. माझ्यापुढे गाड्या, मागे गाड्या, आणि गाडीत दुसऱ्याचा कापूस. रांग सोडून राष्ट्रीय महामार्ग ४४ गाठायचा, जाम चौरस्त्यापर्यंत नुसती गाडी पळवायची आणि परत येऊन रांगेच्या शेपटाला लागायचं, असं कोणता शेतकरी करू देईल? नंबर गेला तर मुक्काम पडतो. मुक्काम पडला तर उद्याचा भाव काय असेल, हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून ड्रायव्हर लाइटकडे पाहतो आणि रांगेत थांबतो. तुम्ही याला निष्काळजीपणा म्हणता.

याहून मोठी भीती आगीची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. रीजन कधी सुरू करायचं, हे ईसीयू ठरवतो. रस्त्यावर सुरू झालेलं रीजन गाडी जिनिंगच्या आवारात शिरेपर्यंत संपलेलं असेलच असं नाही. आवारात जमिनीवर सांडलेला कापूस, बाजूला कापसाच्या गंज्या, गाडीत कापूस आणि त्या सगळ्यांच्या मधे तो तापलेला पाइप. रीजन चालू आहे हे सांगणारा लाइट माझ्या मीटरवर नाही. उभ्या गाडीचं आरपीएम वाढलेलं, पंखा जोरात फिरतोय, तापल्याचा उग्र वास येतोय, यावरून अंदाज बांधायचा. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, असं तुम्हीच पुस्तिकेत लिहिता. आमच्याकडे होळीपासून मिरगापर्यंत वाळलेलं गवत, सोयाबीनचं कुटार किंवा पऱ्हाटी जवळपास नाही अशी जागा शोधावी लागते. कोणती जागा सुरक्षित आहे, हे फक्त ड्रायव्हरच्या डोळ्यांना दिसतं. मग जागा आणि वेळ ठरवायचा अधिकार ड्रायव्हरला का नाही?

ज्यात आमचं जास्त नुकसान होतं ती गोष्ट आता सांगतो, कारण शोरूममध्ये ती कोणी सांगत नाही. मागच्या हंगामात एका सकाळी मी थंड गाडीची ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. जुन्या गाडीत ऑइल कमी झालेलं पुष्कळदा पाहिलं होतं, वाढलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. थेंब बोटांत चोळला तर पाण्यासारखा पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. रीजनसाठी इंजिनात उशिरा मारलेलं डिझेल सगळंच पुढे जात नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या टाकीत उतरतं. रीजन पुरं झालं तर त्याचं फार बिघडत नाही. पण आमच्याकडे रीजन सुरू होतं आणि गाडी थांबते, पुन्हा सुरू होतं आणि पुन्हा थांबते. काजळी जागच्या जागी राहते आणि डिझेल मात्र दरवेळी ऑइलमध्ये भर घालतं. पातळ ऑइलवर चाललेल्या इंजिनाचे बेअरिंग आणि टर्बो किती टिकतील? ऑइल बदलण्याचे जे किलोमीटर तुम्ही छापता, ते पळणाऱ्या गाडीचे आहेत. रांगेत तासन्‌तास इंजिन चालतं तेव्हा मीटरवर किलोमीटर चढत नाहीत, ऑइल मात्र खराब होत राहतं.

त्याच हंगामात शेवटी गाडीची पॉवर गेली. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी उठेना, चढावर तर दुसऱ्या गिअरलाही रडायला लागली. कापूस दुसऱ्या गाडीत भरून द्यावा लागला, भाडं त्याला गेलं. माझी गाडी वर्कशॉपला गेली. तिथे लॅपटॉप लावून उभ्या गाडीतच रीजन मारलं, ऑइल आणि फिल्टर बदलले. गाडी पूर्वीसारखी पळायला लागली. मी विचारलं, हे वॉरंटीत का नाही? जॉबकार्डवर कारण लिहून दिलं : चालवण्याची पद्धत. तिथला मेकॅनिक मुलगा भला होता, हळूच म्हणाला, "भाऊ, रोज थोडी हायवेले नेत जा न गाडी." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं तेच तो बोलला. राग आहे तो जॉबकार्डवरच्या त्या दोन शब्दांवर. पांदण मी बांधली नाही, रांग मी लावली नाही. 'गावाकडच्या कच्च्या रस्त्यांचा राजा' अशा थाटात पिकअपच्या जाहिराती होतात, चिखलातून निघणारी गाडी दाखवली जाते. विकताना जो रस्ता तुमचा अभिमान होता, तो वॉरंटीच्या वेळी माझा गुन्हा कसा झाला?

आणि ते रीजन उभ्या गाडीत झालं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणजे गाडीला ते जमतं. इंजिन, सेन्सर, सॉफ्टवेअर सगळं तेच. फक्त हुकूम लॅपटॉपवरून गेला. मोठ्या ट्रकमध्ये यासाठी डॅशबोर्डवर बटण मिळतं. ड्रायव्हर मोकळ्या जागी गाडी लावतो, हँडब्रेक ओढतो, बटण दाबतो आणि इंजिन स्वतः आरपीएम वाढवून काजळी जाळतं. ज्या पिकअपमध्ये असं बटण नसेल तिच्यात ते द्या. ज्या मॉडेलमध्ये असेल तिथे गाडी ताब्यात देताना ड्रायव्हरला प्रत्यक्ष दाबून दाखवा. गावात शाळेपुढचं सिमेंटचं मैदान असतं, पंचायतीजवळ मुरुमाची जागा असते. रात्री माल खाली करून आल्यावर अर्धा तास गाडी तिथे उभी ठेवणं आम्हाला जड नाही. जड आहे ते कामाचा दिवस सोडून वर्कशॉपपर्यंत रिकामी गाडी नेणं.

बटणाबरोबर मीटरवर जाळी किती भरली ते दिसू द्या. डिझेलचा काटा असतो तसा काजळीचा काटा. आकडा ईसीयूकडे असतोच, लॅपटॉपवर तो दिसतो. लाइट लागेपर्यंत आम्हाला अंधारात ठेवायचं कारण काय? निम्मी भरली असं कळलं तर रविवारी नागपूरचं भाडं घेणारा ड्रायव्हर आधीच हिशेब करेल. आणि रीजन चालू असताना तसा लाइट लागलाच पाहिजे, म्हणजे निदान गंजीजवळ गाडी नेण्याआधी आम्ही थांबू.

ऑइलबद्दलही बोलायला हवं. चुलीत लाकूड जळून जातं पण राख उरते, तशी काजळी रीजनमध्ये जळते आणि इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख जाळीत कायमची राहते. कितीही रीजन मारा, ती जळत नाही. शेवटी जाळी काढून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते, आणि तिची किंमत ऐकली की माणूस खाली बसतो. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. तालुक्याच्या दुकानात डब्यावर १५ डब्ल्यू ४० वाचलं की 'चालते' म्हणून देतात. जाडी तीच असली तरी राख वेगळी असते, हे दुकानदाराला माहीत नाही आणि ड्रायव्हरलाही कोणी सांगितलेलं नाही. ऑइल टाकायच्या झाकणाजवळ मराठीत एक पक्कं स्टिकर लावा : कोणत्या प्रतीचं ऑइल घालायचं, आणि दुसरं घातलं तर काय होतं. एवढ्यानेही पुष्कळ जाळ्या वाचतील.

आता त्या गोष्टीकडे येतो जी तुम्हालाही ठाऊक आहे आणि सरकारलाही. गॅरेजांत सर्रास सांगितलं जातं, "काढून फेका न भाऊ ते, पाइप टाकून देतो, डोकं दुखनंच बंद." जाळी काढायची, सॉफ्टवेअर बदलायचं, की लाइट नाही, रीजन नाही. मी ते केलेलं नाही आणि करणारही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा फेरबदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरबदलामागे पाच हजार दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं. पण खरं सांगायचं तर दंडापेक्षा मला त्या हमालाचा खोकला अडवतो. तरीही जे काढतात त्यांना मी गुन्हेगार म्हणून मोकळा होणार नाही. एका हंगामात दोनदा गाडी बंद पडली, हप्ता थकला, फायनान्सवाल्याचा फोन आला की माणूस जवळची वाट धरतो. अशी काढलेली प्रत्येक जाळी म्हणजे बीएस-६ वर झालेला सगळा खर्च धुरात गेला. आम्हाला बटण मिळालं तर ही वाट धरायची वेळच येणार नाही.

वॉरंटीबद्दल माझी मागणी स्पष्ट आहे. जाळी वितळली, फुटली, ऑइल चुकीचं घातलं, भेसळीचं डिझेल भरलं, अशी कारणं तपासून दाखवा, आम्ही खर्च सोसू. पण केवळ कमी वेगाने चालवली म्हणून डीपीएफ चोक झाला असेल, तर वॉरंटीच्या काळात ते काम तुमच्या खर्चाने झालं पाहिजे. मालवाहू पिकअप कमी वेगाने चालणं, हा तिचा गैरवापर नव्हे.

आणि तालुक्याच्या गॅरेजवाल्यालाही रीजन मारता येऊ द्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकला मिळावी, हाच त्याचा हेतू. तुमच्या वर्कशॉपला आम्ही टाळत नाही, पण ते जिल्ह्याला एखादं आणि गाडी बंद पडते ती गावात. निदान कापसाच्या चार महिन्यांत हिंगणघाट, वणी, अकोट, पांढरकवडा अशा बाजारांत आठवड्यातून एक दिवस स्कॅनर घेऊन माणूस बसवा. सर्व्हिस कॅम्प तुम्ही भरवताच, तो जिनिंगजवळ भरवा.

मंत्रालयालाही दोन शब्द. १ एप्रिल २०२३ पासून गाड्यांची धूर-चाचणी प्रत्यक्ष रस्त्यावरही होते, ही चांगली सुधारणा आहे. पण त्या चाचणीत शहर, ग्रामीण आणि महामार्ग हे टप्पे वेगावरून पाडलेले असतात. जिनिंगची रांग, बाजार समितीचं आवार, पांदण यांना त्यात जागा नाही. मालवाहू पिकअपला मंजुरी देताना कित्येक दिवस कमी वेगाच्या कामावर ती चालवून डीपीएफ साफ राहतो का, ऑइलची पातळी वाढते का, हे तपासा. उभ्या गाडीतल्या रीजनचं बटण आणि काजळीचा काटा या वर्गातल्या डिझेल गाड्यांना सक्तीचा करा. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ११०-अ आलं आहे. एखाद्या प्रकारच्या गाड्यांतला दोष पर्यावरणाला किंवा माणसांना धोका ठरत असेल, तर सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. मी तेवढं मागत नाही. विकलेल्या गाड्यांना सॉफ्टवेअर बदलून बटण देता येतं का, एवढं कंपन्यांना विचारा.

हे पत्र वाचणाऱ्या पिकअपवाल्या भावांनो, तोपर्यंत आपण आपलं सांभाळू. आठवड्यातून एकदा थंड गाडीची ऑइलची पट्टी पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर किलोमीटर भरायची वाट न बघता बदला. लाइट लागला आणि रस्ता मोकळा असेल तर वरचा गिअर न घेता थोड्या चढ्या आरपीएमवर वीस मिनिटं चालवा, आणि आरपीएम वाढलेलं, पंखा फिरत असेल तर चावी फिरवून गाडी लगेच बंद करू नका. कापसाच्या, कुटाराच्या जवळ मात्र हे करू नका. प्रत्येक जॉबकार्ड जपून ठेवा. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली गाडी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण ग्राहकच आहोत. जिल्हा आयोगात तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

कंपन्यांनी या पत्राला मराठीत लेखी उत्तर द्यावं. बटण देणार की नाही, द्यायचं असेल तर कोणत्या मॉडेलला आणि जुन्या गाड्यांचं काय, हे त्यात असावं. उत्तराची एक प्रत प्रत्येक शोरूममध्ये, जिथे गाडीचा चेक घेता त्या टेबलावर लावा. येत्या सीतादहीला (पहिल्या वेचणीची पूजा) कापूस वेचायला सुरुवात होईल आणि पुन्हा रांगा लागतील, त्याच्या आत.

आपला,
एक पिकअप मालक-चालक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा